थांबणाऱ्याची वखार

निपाणीत माझ्या लहानपणी 'वखार' म्हणजे काय, हे कुणाला सांगावं लागत नसे. शेजारणीनं दारातून 'आई कुठाय गं?' म्हणून विचारलं की आम्ही आतूनच ओरडायचो, 'वखारीला गेलीया.' वखारीला जाणं म्हणजे कामाला जाणं. 'अमकीला वखार लागली' म्हणजे तिला काम मिळालं. 'वखार सुटली' की गल्लीतून बायकांचा लोंढा यायचा. डोक्यावरचे पदर तंबाखूच्या भुकटीनं तपकिरी झालेले असायचे आणि तो लोंढा पुढे गेला तरी शिंका मागे राहायच्या. वखारीचा दुसरा अर्थ आम्हाला ठाऊकच नव्हता.

पुढे मी हायस्कुलात इतिहास शिकवू लागले. 'राजापूरची इंग्रजांची वखार' हा धडा आला तेव्हा मागच्या बाकावरून एकानं विचारलं, 'बाई, इंग्रज बी तंबाखूच चाळत हुते व्हय?' वर्ग हसला. मीही हसले, पण त्या पोराचं काय चुकलं होतं? निपाणीच्या पोराला वखार म्हटल्यावर दुसरं काय दिसणार? त्या दिवसापासून हा शब्द माझ्या मागे लागला. आईच्या वखारीत आणि इंग्रजांच्या वखारीत नेमकं काय सारखं आहे, ते शोधायची खोड लागली.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही की, माल साठवायला मराठीत शब्दांची मुळीच वाण नाही. शेतकऱ्याच्या घरात कणगी असते. जुन्या वाड्यांच्या भिंतीत बळद असतं. जमिनीत पेव असतं. आमच्यापासून फार लांब नसलेल्या सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीची पेवं होती, २००५ च्या महापुरानं त्यांची वाट लावली. राजाचं धान्य असतं ते अंबारात. पन्हाळ्याच्या अंबारखान्यात गंगा, यमुना आणि सरस्वती अशी तीन कोठारं आहेत आणि त्यात २५,००० खंडी धान्य मावायचं असं सांगतात. सहलीला नेलेली पोरं त्या इमारतीत आरोळ्या ठोकतात आणि घुमणारा आवाज ऐकून खूश होतात.

आणि मग वखार. हिंदी मुलुखात 'बखार' म्हणजे धान्याची कोठीच, त्यात व्यापार असलाच पाहिजे असं काही नाही. मराठीत मात्र हा शब्द व्यापाऱ्याच्या घरी नांदायला गेला. लाकडाची वखार, कोळशाची वखार, तंबाखूची वखार. सांगलीत तर एका अख्ख्या पेठेचं नावच वखारभाग. शेतकऱ्याच्या ज्वारीची वखार कुणी म्हणत नाही आणि राजाच्या धान्याचीही म्हणत नाही. कणगीतलं खायचं असतं, अंबारातलं फौजेला आणि दुष्काळाला लागतं. वखारीतलं फक्त विकायचं असतं, तेही आज नाही, भाव येईल तेव्हा. म्हणजे वखार त्याची, ज्याला थांबणं परवडतं. माझ्या मते या शब्दाचं सगळं मर्म एवढंच आहे, आणि आमच्या भागाचा चारशे वर्षांचा इतिहास त्याच्याभोवती फिरताना दिसतो.

सगळीकडे असे वेगवेगळे शब्द असतात असं नाही. माझी भाची स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला असते. तिकडच्या जुन्या बोलीत 'गिर्नल' असा एक शब्द आहे. घरातली पिठाची पेटी तीही गिर्नल, आणि जमीनदार कुळांकडून खंडाचं जव नि ओटचं पीठ घेऊन साठवायचा ते समुद्रकाठचं दगडी कोठारही गिर्नलच. पोर्टमाहोमॅक नावाच्या बंदरावर सतराव्या शतकाच्या शेवटी बांधलेलं असं एक कोठार अजून उभं आहे. खंडाचं धान्य तिथून गलबतानं दक्षिणेला बाजारात जायचं. कुळाच्या घरातली पेटी नि मालकाचं कोठार, दोन्हींना एकच नाव! आपल्याकडे कणगी नि वखार यांची गल्लत कुणी केली नसती. आपला शेतकरी त्या बाबतीत जास्त सावध म्हणायचा, की जास्त पोळलेला, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

आता इंग्रजांकडे येते. त्यांच्या कागदांत वखारीला 'फॅक्टरी' म्हटलेलं असतं आणि पोरांना वाटतं तिथं यंत्रं चालत असणार. यंत्र कसलं! फॅक्टर म्हणजे कंपनीचा अडत्या. तो राहायचा, माल घ्यायचा, कोठारात भरायचा आणि जहाजाची वाट बघायचा. जहाज वर्षातून ठरावीक वाऱ्यालाच येणार, म्हणून माल आधीपासून, पडत्या भावात घेऊन ठेवायला जागा हवी. १६१३ साली सुरतेला ही सोय झाली. डचांनी १६३७ मध्ये वेंगुर्ल्याला वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगीजांची कोंडी करायला ती जागा सोयीची होती. तिचे पडके अवशेष आजही 'डच वखार' या नावानंच ओळखले जातात. बेळगावची माणसं घाट उतरून वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर फिरायला जातात, पण ती बघायला वाकडी वाट करणारे कमीच. आपल्या भागाचा माल त्या घाटांनीच खाली जायचा, एवढ्यासाठी तरी बघावी.

राजापूरच्या वखारीची गोष्ट आमच्या भागाला जवळची, कारण तिचं एक टोक पन्हाळ्यावर आहे. १६६० मध्ये सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा राजापूरचा वखारवाला हेन्री रेव्हिंग्टन तोफा नि दारूगोळा घेऊन सिद्दीच्या मदतीला आला आणि इंग्रजांचं निशाण फडकवून गडावर गोळे टाकले. व्यापाऱ्यानं तराजू खाली ठेवून तोफेला बत्ती दिली. शिवाजी महाराजांनी हे लक्षात ठेवलं. १६६१ च्या मार्चमध्ये राजापूर मारलं, वखार लुटली, जमीन खणून काढली आणि रेव्हिंग्टनसकट इंग्रजांना कैदेत घातलं. त्यातले शेवटचे सुटले ते १६६३ मध्ये. पुढे १६७३ साली हुबळीवर मराठी फौज गेली तेव्हा तिथल्या इंग्रजांच्या वखारीतलं कापडही गेलं. भरपाईची रड कंपनी पुढे कितीतरी वर्षं रडत होती.

या सगळ्यातून जो धडा मिळाला तो रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्रा'त लिहून ठेवला. काळ १७१५ चा सुमार. पंतांची बावड्याची जहागीर, म्हणजे पुन्हा आमचाच शेजार. ते म्हणतात ते माझ्या शब्दांत असं: टोपीकर, म्हणजे युरोपीय व्यापारी, हे इतर सावकारांसारखे नाहीत. त्यांच्या पाठीमागे त्यांचे राजे आहेत. त्यांना व्यापार करू द्यावा, पण वखारीला जागा मागितली तर खाडीच्या तोंडाशी किंवा समुद्रकाठी देऊ नये. आत, मातब्बर शहराजवळ, सखल ठिकाणी द्यावी. म्हणजे आरमाराचा आधार नाही आणि उंचावरून मारा करायची सोय नाही. पक्कं, टोलेजंग बांधकाम तर करूच देऊ नये.

वर्गात हे शिकवताना मला नेहमी वाटायचं की पंतांना वखारीच्या भिंतींचा धोका बरोबर कळला होता. वखारीत माल भरणारा विणकर नि मिरीवाला कोणत्या भावानं विकतो, याची चिंता मात्र त्यांच्या लिखाणात दिसत नाही. ती त्या काळी राज्यकर्त्याची चिंता नव्हतीच. ती पुढची अडीचशे वर्षंही कुणाची नव्हती.

तंबाखू आपल्याकडे पोर्तुगीजांच्या वाटेनं आला. अकबराचा सरदार असद बेग १६०४ च्या सुमारास विजापूरला गेला होता. तिथं त्यानं तंबाखू पाहिला आणि नवलाची चीज म्हणून चिलमीसकट आग्र्याला बादशहापुढे ठेवला. हकिमांनी नाकं मुरडली, बादशहानं दोन झुरके घेतले. म्हणजे दिल्ली-आग्र्याला तंबाखूची ओळख व्हायच्या आधी आमच्या विजापुरी मुलुखात तो बाजारात होता. पण निपाणीचा तंबाखू म्हणून नाव झालं ते विडीमुळे. वेदगंगा नि दूधगंगेच्या खोऱ्यातली काळी जमीन, पावसाळ्याच्या उतरणीला लावण, पुढे शेंडा खुडायचा, बगलेतले फुटवे पुन्हा पुन्हा मोडायचे, म्हणजे सगळा जोर पानात उतरतो. थंडी सरता सरता कापणी, रानातच उन्हात वाळवण, मग बोद भरायचे. या पिकाला वर्षभर हात लावावा लागतो आणि त्या हाताला चिकट काळा थर बसतो. सौंदलग्याचे माझे मामा जेवायच्या आधी राखेनं हात घासायचे. तरी भाकरीचा पहिला घास कडूच, असं म्हणायचे.

निपाणी हे मुळात निपाणकर देसाई, सरलष्कर निंबाळकरांचं ठाणं. पण माझ्या पिढीला गावाची ओळख झाली ती वखारींनी. लांबलचक कौलारू इमारती, भिंतीत उंचावर छोटे झरोके आणि रस्त्याकडे एकच मोठं दार. व्यापारी बरेचसे गुजराती नि मारवाडी, दिवाणजी मराठी, हमाल मराठी-कानडी मिसळ, शेतकरी दोन्ही भाषांत बोलणारा, आणि चाळणीवर बायका.

या व्यापाराला सरकारी कुलूप लागलं ते १९४३ मध्ये. युद्धाच्या खर्चासाठी इंग्रज सरकारनं तंबाखूवर अबकारी बसवली. कर लागायचा तो कच्च्या तंबाखूवर, म्हणजे रानात पान वाळलं की त्याची नोंद, वजन, परवाना आला. कर भरल्याशिवाय माल ठेवायचा तर परवान्याची वखार पाहिजे, एका गावातून दुसरीकडे न्यायचा तर कागद पाहिजे. मामांना हे कागद सांभाळणं तंबाखू सांभाळण्यापेक्षा जड जायचं. 'एक्साईजवाला आला' म्हटलं की घरात सामसूम. शेतकऱ्यानं माल घरात चार महिने दाबून ठेवायचा म्हटलं, तर त्याच्यामागे कायद्याचं झंझट. परवाना व्यापाऱ्याकडे, वखार व्यापाऱ्याकडे. मग आणखी काय पाहिजे?

सौदा कसा व्हायचा ते सांगते. पेरणीच्या आधीच मामा एका व्यापाऱ्याकडून उचल घ्यायचे. बियाणं, पेंड, मजुरी, शिवाय घरातलं लग्न, सगळं त्या उचलीत. त्यामुळे माल तयार झाला की दुसऱ्या दारात जायची सोय नाही. दलाल येऊन नमुना बघायचा, भाव बोलायचा. वखारीत वजन झालं की कडता कापायचा, माती म्हणून, ओल म्हणून, काडी म्हणून. मग पैसे हप्त्याहप्त्यानं. एका वर्षी तर पुढच्या लावणीपर्यंत मागचे पैसे आले नव्हते आणि मामांनी त्याच व्यापाऱ्याकडून नवी उचल घेतली. स्वतःचेच पैसे व्याजानं घेतले म्हणा ना.

हे निपाणीचंच वैशिष्ट्य असतं तर गोष्ट निराळी. ग्लासगो शहर अठराव्या शतकात मोठं झालं तेच मुळी तंबाखूवर. तिथल्या व्यापाऱ्यांचे गुमास्ते अटलांटिकपलीकडे व्हर्जिनियात दुकानं मांडून बसत. तिथला मळेवाला वर्षभर त्यांच्याकडून कापड, हत्यारं, मीठ उधार घेई आणि तंबाखू आला की त्यांनाच घाली. मळ्यांत राबणारे गुलाम त्या हिशोबात माणसं म्हणून धरलेलेच नव्हते. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध पेटल्यावर विल्यम कनिंगहॅम नावाच्या व्यापाऱ्यानं कोठारांतला तंबाखू स्वस्तात उचलला, दाबून ठेवला आणि भाव अनेकपट चढल्यावर विकला. त्या पैशातून बांधलेला त्याचा खांबांचा वाडा आज ग्लासगोचं आधुनिक कलेचं संग्रहालय आहे. भाचीनं फोटो पाठवला. 'मावशी, आपल्याकडच्या शेठचा बंगला वाटतोय की नाही?' तिला मी उत्तर दिलं, 'बंगला नव्हे गं, वखार बघ कुठं दिसते का.'

आता आईच्या वखारीत जाऊ. बायका ओळीनं बसून तंबाखू चाळायच्या, काडी वेगळी करायच्या, प्रतवार लावायच्या. नाकाला पदर बांधलेला. झरोके बंद, कारण वाऱ्यानं माल उडतो. सुटताना दारात झडती, पदर झटकून दाखवायचा. तान्ह्या पोराला पाजायला घरी जाऊ द्यायचं का नाही, हे मुकादमाच्या मर्जीवर. यात देवदासी बायकाही होत्या, नवऱ्यानं टाकलेल्या होत्या, माझ्या आईसारख्या विधवा होत्या. वखारीचं नाव घेतलं की लग्नाच्या बाजारात पोरीची किंमत उतरायची. म्हणून आईनं मला वखारीच्या दाराशी कधी उभं केलं नाही. डबा द्यायला गेले तरी मुकादमाच्या हातात देऊन परत.

१९८० च्या आसपास या बायका संघटित झाल्या, संपावर गेल्या, पगार नि तासांबद्दल मालकांना बोलायला लावलं. दीपा धनराज आणि 'युगांतर' गटातल्या त्यांच्या मैत्रिणींनी निपाणीत येऊन यावर चित्रपट केला, 'तंबाखू चाकीला ऊब आली', १९८२ सालचा. रचून दाबलेल्या तंबाखूला आतून ऊब चढते, वरून काही दिसत नाही, हात घातला की चटका बसतो. हे ज्यानं अनुभवलंय त्याला ते नाव फोड करून सांगावं लागत नाही. आईनं तो चित्रपट पाहिला आणि एवढंच म्हणाली, 'धूळ नीट दिसत न्हाई त्यात.'

१९७९ च्या अर्थसंकल्पात कच्च्या तंबाखूवरची अबकारी उठली. कागदाचं कुलूप निघालं. आता भाव मिळेल असं शेतकऱ्याला वाटलं. पण वखारी त्याच होत्या, आणि उचलही तीच. १९८१ च्या मार्चमध्ये शेतकरी नेते शरद जोशी निपाणीत आले. चाकणच्या कांद्याच्या आंदोलनापासून त्यांनी मांडलेला शेतमालाच्या भावाचा हिशोब इथं कुणाला पटवावा लागला नाही. १४ मार्चला शेतकरी बैलगाड्या घेऊन पुणे-बंगळूर रस्त्यावर बसले आणि तीन आठवड्यांवर बसून राहिले. रस्त्यावर चुली पेटल्या, भाकऱ्या गावोगावहून आल्या. वखारीतल्या बायकांची संघटना बांधणारे प्रा. सुभाष जोशी या आंदोलनातही पुढे होते. त्यामुळे माल घालणारा आणि माल चाळणारी या दोघांना पहिल्यांदा एकमेकांची तोंडं दिसली. मामा नि आई एकाच घरचे असून वखारीचा विषय दोघांत कधी निघत नसे, तो त्या वर्षी निघाला.

आणखी एक गोष्ट झाली. १९५६ पासून निपाणीत कोणतीही चळवळ म्हटली की ती महाराष्ट्र-कर्नाटक सीमेची. १९६७ च्या महाजन अहवालानं निपाणी महाराष्ट्राला द्यावी म्हटलं होतं, पण तो अहवालच महाराष्ट्राला मान्य नव्हता, आणि गाव होतं तिथंच राहिलं. १९८१ ला मात्र मराठी गावातला नि कानडी गावातला शेतकरी एका गाडीच्या सावलीत बसला. पुढारी पुण्याकडचा, सरकार गुंडूरावांचं, आणि मागणी किलोच्या भावाची. ६ एप्रिलला पोलिसांनी रस्ता मोकळा करायला घेतला. गोळीबार झाला. बारा शेतकरी गेले. दुसऱ्या दिवशी गावात शिंकसुद्धा ऐकू येत नव्हती. वखारी बंद होत्या.

त्या आंदोलनानं भाव किती वाढला, याचा वाद आमच्याकडे अजून चालतो. मला विचाराल तर एक गोष्ट नक्की झाली. दलालासमोर पटका काढून उभं राहायची पद्धत मोडली. मामा त्यानंतर खुर्चीत बसून सौदा करायचे.

पुढे दूधगंगेचं पाणी आलं, ऊस आला. तंबाखूचं रान आटलं, वखारींची गोदामं झाली, काहींची मंगल कार्यालयं. त्याच्या कितीतरी आधी सरकारनंही हाच शब्द उचलला होता. १९५७ मध्ये केंद्रीय वखार महामंडळ आणि आजचं महाराष्ट्र राज्य वखार महामंडळ स्थापन झालं. शेतकऱ्यालाही थांबता आलं पाहिजे, ही त्यामागची कल्पना. माल ठेवा, पावती घ्या, पावतीवर कर्ज काढा, भाव आल्यावर विका. रामचंद्रपंतांना न पडलेली चिंता शेवटी कुणाला तरी पडली. कर्नाटकात याच खात्याला 'उग्राण निगम' म्हणतात, आणि आमच्या गावातले लोक दोन्ही नावं एका वाक्यात वापरतात.

मामांचा नातू आता कागल तालुक्यात, म्हणजे सीमेच्या पलीकडे शेती करतो. निपाणीपासून हाकेच्या अंतरावर, पण राज्य महाराष्ट्र. निपाणीची पोरं शिकायला जातात ते देवचंद कॉलेजही अर्जुननगरला, त्याच पलीकडच्या बाजूला. तर या पोराचं सोयाबीन. तिकडे बाजार समितीत शेतमाल तारण योजना आहे. मालाच्या किमतीच्या ७५ टक्के कर्ज, ६ टक्के व्याज, मुदत सहा महिने. त्यानं गेल्या हंगामात निम्मं सोयाबीन काढल्या काढल्या विकलं आणि निम्मं तारण ठेवलं. मी विचारलं, सगळंच का नाही ठेवलंस? तर म्हणाला, 'आत्या, सोसायटीचा हप्ता मार्चला, ऊसवाल्याचे पैसे कवा येतील त्येचा नेम न्हाई, आन् पोरीची फी जूनला. निम्म्यालाच थांबाय येतंय.'